गप्प टॅपेटपासून सावध

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा तेलकट आहे. घरातली जुनी बुलेट पुन्हा चालू करायची, म्हणून तिचं इंजिन उघडलं, तर त्यातला रॉकर नावाचा भाग कसा तपासायचा, कुठवर दुरुस्त करायचा आणि परत कसा बसवायचा, हे मी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? तर अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या कितीतरी सोसायट्यांत जिन्याखाली किंवा भिंतीच्या कडेला ताडपत्री टाकलेली एक बुलेट असते. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची. माणूस जातो, गाडी राहते. मग सोसायटीची नोटीस येते, ‘बंद गाड्या हलवा.’ गाडी भंगारात द्यायची की दुरुस्त करायची, हे बऱ्याचदा घरातल्या बाईलाच ठरवावं लागतं. गॅरेजमध्ये उभं राहून मेकॅनिकचं बोलणं ऐकून घ्यायची पाळीही तिच्यावरच येते. त्या वेळी निदान काय विचारायचं ते ठाऊक असावं. मी मुलुंडला इंजिनाचंच काम करते, म्हणून हा विषय घेतला.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. साकी नाक्याजवळ राहणाऱ्या एका ताई आमच्याकडे वडिलांची बुलेट घेऊन आल्या. गाडी १९७२ची. २६ जुलै २००५ तुम्हाला आठवत असेल. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्यात गेली. ही गाडीही टाकीपर्यंत पाण्यात होती. वडिलांनी नंतर तेल बदलून, साफसफाई करून ती पुन्हा चालवली. ते गेल्यावर गाडी काही वर्षं उभी राहिली. मग ताईंनी जवळच्या एका गॅरेजमध्ये ती चालू करून घेतली. चालू झाली, पण वरून टकटक आवाज यायचा. गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘मॅडम, टॅपेट ढिले आहेत, आवाज बंद करून देतो.’ आवाज बंद झाला. ताई खूश. पंधरा दिवसांत गाडीला दम उरला नाही, मग किक मारून मारून पाय दुखायला लागले, आणि शेवटी ती बंदच पडली.

आम्ही हेड उघडलं तर धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एका कडेने जळून कातरला गेला होता. आवाज गेला आणि त्यापाठोपाठ व्हॉल्व्हही गेला. असं का झालं, हे समजायला आधी रॉकर म्हणजे काय ते पाहू.

बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. एक टोक वर ढकललं की दुसरं खाली जातं. रॉकर तेच काम करतो. बुलेटच्या इंजिनात खाली उजव्या बाजूला कॅम असतात. कॅम म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती. ती फिरताना फुगीर बाजू वर आली की टॅपेटला उचलते. टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब काडीला उचलतो. काडी रॉकरचं एक टोक वर ढकलते, तसं रॉकरचं दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा फुगवटा सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर ओढून बंद करते. एक व्हॉल्व्ह पेट्रोल आणि हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. दोन व्हॉल्व्ह, दोन पुशरॉड, दोन रॉकर.

इंजिन मिनिटाला २,००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि मिटतो. अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात, तर प्रत्येक रॉकर साठ हजार वेळा वर-खाली झाला. इतक्या हालचालीत झीज होणारच. ती किती झाली आणि कुठे झाली, हे शोधणं म्हणजेच रॉकरचं काम.

बुलेटबद्दल एक सोयीची गोष्ट सांगते. ही गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. सुरुवातीला तिकडून भाग आणून इथे जोडत, पुढे सगळे भाग इथेच तयार होऊ लागले. इंग्लंडची मूळ कंपनी १९७०च्या आसपास बंद पडली, मद्रासची चालू राहिली. ३५० सीसीच्या बुलेटचं ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन, ७० मिलिमीटर व्यासाचं आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचं, जवळजवळ त्याच घडणीत २००९-१० पर्यंत बनत होतं. त्यामुळे पन्नास वर्षांच्या बुलेटलाही रॉकरचे भाग आजही मिळतात. बीएसए, मॅचलेस, एरियल अशा जुन्या इंग्लिश गाड्यांना ते इतक्या सहज मिळत नाहीत. तिथे असलेलाच भाग जपून दुरुस्त करावा लागतो. म्हणून आपण नवीन भाग घालणं आणि जुना भाग दुरुस्त करणं, या दोन्ही गोष्टी पाहू.

आता उघडण्यापासून सुरुवात करते.

हेडवर दोन छोटी झाकणं असतात, प्रत्येकाखाली एक रॉकर. हा रॉकर मधे जाड दांडा आणि दोन्ही टोकांना एकेक हात असा असतो. मधला दांडा एका ठोकळ्यात फिरतो. दोन्ही बाजूंना हात असल्यामुळे तो अखंड ठोकळ्यात घालता येत नाही. म्हणून ठोकळा मधोमध चिरलेला असतो, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. मधे रॉकर ठेवायचा आणि चार बोल्टांनी आवळायचं.

हे दोन अर्धे एकत्र धरून त्यांच्यातलं भोक पाडलेलं असतं, म्हणजे ते जुळे भाऊ आहेत. एका ठोकळ्याचा वरचा अर्धा दुसऱ्याच्या खालच्यावर ठेवला, तर बाहेरून बरोबर दिसेल आणि आतून रॉकर जाम होईल किंवा डुगडुगेल. म्हणून सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. इनलेटचे भाग एका डब्यात, एक्झॉस्टचे दुसऱ्या डब्यात. पुशरॉडही वेगळे ठेवा, त्यांचीही अदलाबदल चालत नाही. मिठाईचे रिकामे डबे आणि चिकटपट्टी एवढं सामान पुरतं. मेकॅनिकने सगळे भाग एकाच रॉकेलच्या थाळीत टाकले, तर तिथल्या तिथे थांबवा.

साफ केल्यावर झीज तीन ठिकाणी शोधायची.

पहिली जागा म्हणजे ठोकळा आणि दांडा. रॉकर ठोकळ्यात बसवून चारही बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळा. आता रॉकरचा हात बोटाने उचलून सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली यायला हवा. मधेच अडकला तर घट्ट आहे. हाताला वर-खाली खडखड लागली तर ढिला आहे. दांडा आणि भोक यांच्यातली फट साधारण पाव शतांश ते अर्धा शतांश मिलिमीटर असते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, कारण तेवढ्या फटीत तेल नीट टिकणार नाही. मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातले अडीच ते पाच भाग एवढी फट लागते. आपल्या केसापेक्षाही कमी. ही डोळ्यांनी दिसत नाही. दांडा मायक्रोमीटरने मोजायचा आणि भोकही मोजायचं. दांड्यावर नखाने आडवं खरवडा. नखाला ओरखडे लागले तर दांडाच खराब झाला आहे, नुसता ठोकळा बदलून भागणार नाही.

ठोकळा किंचितच ढिला असेल, तर जुने मिस्त्री एक युक्ती करतात. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, त्यावर तेल टाकायचं आणि ठोकळ्याच्या जोडावरची सपाट बाजू अगदी थोडी घासायची. दोन अर्धे केसभर जवळ येतात आणि फट कमी होते. युक्ती खरी आहे, पण तिची मर्यादा लक्षात घ्या. फट फक्त वर-खाली कमी होते, आडवी तेवढीच राहते. म्हणजे गोल भोक थोडं लंबगोल होतं. म्हणून ही युक्ती अगदी थोड्या झिजेपुरतीच. दर चार घासण्यांनंतर पुन्हा बसवून, आवळून पाहायचं. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

झीज जास्त असेल आणि गाडी बुलेट असेल, तर ठोकळ्याची नवी जोडी घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या-नव्या सुट्या भागांची दुकानं आहेत. जाताना जुना भाग नमुना म्हणून न्या आणि व्हर्निअर सोबत ठेवा. ‘बुलेटचं आहे, बसेल’ एवढ्यावर पैसे देऊ नका. नवी जोडीसुद्धा बसवून, रॉकर अलगद पडतो का ते बघूनच पक्की करायची.

भाग मिळतच नसेल, तर ठोकळ्यात फॉस्फर ब्राँझचं बुश घालतात. साकी नाका, मरोळ, घाटकोपरच्या गाळ्यांत असं काम करणारे चांगले लेथवाले आहेत. त्यांना तीन गोष्टी आधीच सांगा. एक, दोन्ही अर्धे बोल्टांनी पूर्ण आवळूनच भोक मोठं करायचं. दोन, रॉकरला दोन्हीकडे हात आहेत, तेव्हा अखंड बुश आत जाणार नाही, तेही दोन अर्धांत लागेल आणि जागेवर फिरू नये म्हणून त्याला छोटी पिन हवी. तीन, ठोकळ्यात तेल येण्याचं जे भोक आहे, ते बुशमध्येही त्याच जागी पाडायचं. हे तिसरं राहून गेलं, तर चकचकीत नवं बुश कोरडं चालून थोड्याच दिवसांत जळेल. बायकांना हे चटकन कळतं. शिलाई मशीनची तेलाची भोकं धाग्याच्या चुऱ्याने बुजली की मशीन जड चालतं, तसंच हे.

दुसरी जागा म्हणजे रॉकरचं पुशरॉडकडचं टोक. तिथे गोळी आणि वाटी असते. गोळी गोल आणि गुळगुळीत हवी. तिला चपटेपणा आला असेल किंवा वाटीत खड्डा पडला असेल, तर दोन्ही एकदम बदला. जुन्या वाटीत नवी गोळी घातली, तर ती वाटी नव्या गोळीला स्वतःसारखी करते.

तिसरी जागा म्हणजे व्हॉल्व्हवर दाबणारं टोक. हे टोक सपाट नसतं, त्याला हलकी गोलाई असते, म्हणजे दाबताना ते व्हॉल्व्हच्या दांडीवर लोळत जातं. झिजलं की तिथे खळगा पडतो. आणि इथेच जास्त नुकसान होतं, कारण खळगा दिसला की कुणीतरी ग्राइंडर उचलतो. या टोकाचा वरचा पातळ थर तेवढा उष्णतेने कडक केलेला असतो. आतलं पोलाद मऊ असतं. ग्राइंडरने थर निघाला, की टोक छान चमकतं आणि थोड्याच दिवसांत पहिल्यापेक्षा खोल झिजतं. खळगा नखाला जेमतेम लागत असेल, तर तेलाच्या दगडावर गोलाई सांभाळून हाताने घासायचं आणि थांबायचं. खळगा खोल असेल, तर रॉकर बदलायचा. दुसरा मिळणारच नसेल, तर टोकावर कडक धातूचं वेल्डिंग चढवून ते मूळ गोलाईत घासून घेता येतं, पण ते रोज असं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या.

साकी नाक्याच्या ताईंच्या गाडीत रॉकरचे दांडे चांगले निघाले. ठोकळे मात्र दोन्ही ढिले होते, एक्झॉस्टचा जास्त. का? तर तेल जाण्याच्या वाटेत वाळलेला बारीक गाळ सापडला. पुराच्या वेळचा. खालचं तेल बदललं, पण वरच्या नळीत कुणी पाहिलं नाही. बुलेटमध्ये रॉकरला तेल बाहेरून जाणाऱ्या बारीक नळीने मिळतं. नळी आतून अर्धी बुजलेली. तेल कमी, म्हणून ठोकळा झिजला. ठोकळा झिजला, म्हणून टकटक. आणि टकटक थांबवायला टॅपेट आवळले, म्हणून व्हॉल्व्ह जळला. गाळाचं दुखणं शेवटी व्हॉल्व्हवर येऊन बसलं.

आता टॅपेट आवळल्याने व्हॉल्व्ह का जळतो ते सांगते, कारण आजच्या बोलण्यातलं हेच मुख्य आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इंजिनातल्या सगळ्यांत तापणाऱ्या भागांपैकी एक. तो गार कसा होतो? मिटलेला असताना त्याची कड हेडमधल्या बैठकीवर घट्ट टेकते आणि त्याची बहुतेक उष्णता त्या बैठकीतून निघून जाते. म्हणजे मिटलेला असतो तेवढाच वेळ त्याला विसावा. टॅपेट जास्त आवळला, की पुशरॉड रॉकरला सतत थोडासा ढकलून ठेवतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कड टेकत नाही, उष्णता निघत नाही, आणि त्या बारीक फटीतून जळता वायू जोराने बाहेर पडतो. गॅस कटरची ज्योत जशी लोखंड कापते, तशी ती कड कापली जाते. शिवाय इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. म्हणून गार इंजिनात जेमतेम मिटणारा व्हॉल्व्ह गरम झाल्यावर उघडाच राहतो.

आणि हे सगळं होताना आवाज येत नाही. ढिला टॅपेट टकटक करतो, झीजही करतो, पण सांगून करतो. आवळलेला टॅपेट गप्प असतो. म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, जुन्या बुलेटचे टॅपेट एकदम गप्प झाले तर आधी काळजी करा.

मग टॅपेट लावायचा कसा? इंजिन पूर्ण गार हवं. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर हे काम करावं. पिस्टन अगदी वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, अशा जागी इंजिन आणायचं. बुलेटमध्ये टॅपेट जुळवायचा स्क्रू वर रॉकरजवळ नसतो. सिलिंडरच्या उजव्या बाजूला एक छोटं झाकण आहे, त्याच्या आत, पुशरॉडच्या खालच्या टोकाशी तो असतो. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा. तो सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खडखड लागता कामा नये. फिरतो पण हलत नाही, ती जागा बरोबर. मग लॉकनट आवळा आणि पुन्हा फिरवून पाहा, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो. हे माप कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या पुशरॉडसाठी आहे. कुणी स्टीलचे पुशरॉड घातले असतील किंवा गाडी दुसऱ्या कंपनीची असेल, तर फट वेगळी लागते. तिथे त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि फिलर गेज वापरायचं.

आणखी एक गोष्ट या जोडणीत हमखास विसरली जाते. व्हॉल्व्ह जळला म्हणून नवा घातला आणि बैठक कापून घेतली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो. मग त्याच्या दांडीचं टोक पूर्वीपेक्षा वर येतं. रॉकरचं एक टोक वर गेलं, म्हणजे पुशरॉडकडचं तेवढं खाली गेलं. पुशरॉड आता जणू लांब झाला. स्क्रू आत फिरवून जागा करावी लागते. बैठक वारंवार कापली असेल, तर स्क्रू तळाला लागतो आणि व्हॉल्व्ह मिटायला जागाच उरत नाही. अशा वेळी काही जण व्हॉल्व्हची दांडी घासतात, काही पुशरॉड कापतात. दांडीचं टोकही कडक केलेलं असतं, ते फारसं घासता येत नाही. योग्य उपाय म्हणजे हेडमध्ये नवी बैठक बसवून व्हॉल्व्ह मूळ उंचीवर आणणं. ताईंच्या गाडीत आम्ही तेच केलं. पैसे थोडे जास्त लागले, पण रॉकर, पुशरॉड, स्क्रू, सगळे आपापल्या मूळ जागी आले.

हे बरोबर झालं की नाही, ते ताडून पाहायला एक साधी तपासणी आहे. व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला मार्कर पेनाने रंग लावा. सगळं जोडून इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवा आणि मग पाहा, रंग कुठे पुसला गेला. टोकाच्या मधोमध बारीक पट्टा पुसलेला दिसला तर उत्तम. कडेला पुसला असेल, तर रॉकर व्हॉल्व्हला दर वेळी बाजूला ढकलतोय. मग व्हॉल्व्हची गाइड झिजेल, तेल आत जाईल आणि गाडी निळा धूर सोडेल. पाच रुपयांच्या पेनाने ही गोष्ट आधीच कळते.

शेवटची पायरी तेलाची. नळ्या तारेने आणि रॉकेलने साफ करून हवेने फुंकून घ्या. जोडावरचे तांब्याचे वॉशर नवे घाला. रॉकर बसवताना दांड्याला भरपूर तेल लावा. मग प्लग काढून हळूहळू किक मारत राहा. रॉकरपाशी तेल आलेलं डोळ्यांनी दिसलं, की मगच प्लग लावून गाडी चालू करा. झाकणाचे बोल्ट बेताने आवळा, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे लवकर जातात. गेलेच तर हेलिकॉइल घालून आटे नवे करता येतात, हेड फेकायची गरज नाही. पहिल्यांदा गाडी गरम झाल्यावर रात्रभर थंड होऊ द्या आणि टॅपेट पुन्हा पाहा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा.

आता थोडं कागदांविषयी, कारण इंजिन चालू झालं आणि कागद नाहीत तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ असतो. हे काम लांबवू नका. अंधेरीकडच्या गाड्या अंधेरी आरटीओत, बोरिवलीच्या बोरिवलीत, घाटकोपर-मुलुंडच्या वडाळ्याला. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. गाडी मूळ रूपात असेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले या नियमात चालत नाहीत. म्हणून कुणी ‘जुनं इंजिन काढून दुसरं घालू’ असं सुचवलं, तर आधी आरटीओत विचारा. इंजिनावरच्या नंबराला घासकाम करताना धक्का लागू देऊ नका. काढलेले जुने भाग, बिलं आणि फोटो एका पिशवीत जपून ठेवा.

गॅरेजमध्ये गेल्यावर विचारायचे प्रश्न पुन्हा सांगते, लिहून घ्या. दांडा आणि ठोकळा मोजला का, माप किती आलं? ठोकळ्याच्या जोड्या वेगळ्या ठेवल्या का? तेल रॉकरपर्यंत येतंय हे मला दाखवाल का? बैठक कापल्यावर स्क्रूला किती जागा उरली? आणि टॅपेट गार इंजिनावर लावले का? चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुर्ची सरकवून दाखवायला बसतो. जो चिडला, त्याच्याकडून गाडी उचलून आणायला लाजू नका.

ताईंची बुलेट आता चालते. इनलेटच्या बाजूने हलका टिकटिक आवाज येतो. त्यांनी विचारलं, हा बंद करायचा का? मी पुशरॉड फिरवून पाहिला, माप बरोबर होतं. म्हटलं, राहू दे. सोसायटीतल्या एका काकांनी दोनदा सांगितलं म्हणे, ‘टॅपेट आवळून घ्या.’ ताईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, गाळापासून व्हॉल्व्हपर्यंत.

तुमच्या जिन्याखाली अशी गाडी असेल, तर ताडपत्री काढून एकदा नीट पाहा. भंगारवाल्याला बोलवण्याआधी हेड उघडून घ्या आणि माप घ्यायला सांगा. मग ठरवा.